वहीत न मावलेले गोल

साओ पाउलोमध्ये ओस्कार फ्रीडेनराइश नावाचा जर्मन वंशाचा गृहस्थ राहायचा. त्यानं एक वही घातली होती. मुलगा आर्तूर फुटबॉल खेळून घरी आला की बापानं त्याचे गोल त्या वहीत लिहायचे, असा शिरस्ता. पुढे १९१८ च्या सुमारास हे काम मारिओ दे आंद्रादा या संघसोबत्याकडे गेलं आणि त्यानं ते निष्ठेनं शेवटपर्यंत चालवलं. आर्तूर खेळायचा थांबला तोवर आंद्रादाच्या हिशेबात १,३२९ सामने आणि १,२३९ गोल जमा झाले होते, असं दे व्हाने नावाचा पत्रकार सांगायचा. मग कुणाच्या तरी हातून, कुठल्या तरी छापखान्यात किंवा कचेरीत, आकड्यांची अदलाबदल झाली. सामन्यांचा आकडा गोलांच्या रकान्यात जाऊन बसला आणि १,३२९ गोल करणारा माणूस म्हणून आर्तूर फ्रीडेनराइशचं नाव जगभर छापलं जाऊ लागलं. ज्या कागदांवर हे सगळं उभं होतं, ते कागद कधी कुणाच्या हाती आलेच नाहीत.

बऱ्याच वर्षांनी ब्राझीलमधल्या अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून एकेक सामना वेचला. अलेशांद्रे दा कोस्ता यांच्या मोजणीत हाती लागले ५६१ सामन्यांत ५५४ गोल. देशासाठी केलेले गोल तर दहाच्या आसपास.

यात फ्रीडेनराइशची मानहानी झाली असं मला अजिबात वाटत नाही. सामन्यामागे जवळजवळ एक गोल, आणि तेही चिखलानं जड होणाऱ्या चामड्याच्या चेंडूनं, पंचवीसएक वर्षं! पण या वहीच्या गोष्टीनं मला दक्षिण अमेरिकेच्या जुन्या फुटबॉलकडे बघायची एक नजर दिली. तिथल्या पहिल्या चाळीस वर्षांचे गोलांचे तक्ते मी फार प्रेमानं वाचत आलो आहे. वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की होत गेली. विक्रम हे गोल करणाऱ्याचं कर्तृत्व, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं, कुणाला खेळू दिलं, कुणाला बोटीवर चढू दिलं आणि कुणी लिहून ठेवलं, यावर ठरतं.

फ्रीडेनराइशचंच बघा. बाप जर्मन वंशाचा, आई कृष्णवर्णी ब्राझीलियन. डोळे हिरवे, केस कुरळे. त्याचा जन्म १८९२ चा, म्हणजे ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपून चारच वर्षं झाली होती. फुटबॉल हा तेव्हा तिथल्या गोऱ्या, पैसेवाल्या घरांतल्या मुलांचा खेळ. बापाच्या आडनावामुळे याला क्लबांची दारं उघडली. सामन्याआधी तो कपडे बदलायच्या खोलीत बराच वेळ काढायचा, असं त्याला पाहिलेले लोक सांगत. केसांना ब्रिलियंटाइन चोपडायचं, वर गरम टॉवेल बांधायचा, केस सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग सगळ्यांच्या शेवटी मैदानात उतरायचं. त्या खोलीत बसून टॉवेल बांधणारा तो तरुण डोळ्यांपुढे आला की मला आकड्यांची वही बाजूला ठेवावीशी वाटते.

त्याचा एकच गोल सांगायचा तर तो २९ मे १९१९ चा. दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे आजची कोपा अमेरिका, खरं तर १९१८ ला रिओत व्हायची होती, पण इन्फ्लुएंझाच्या साथीनं शहरात प्रेतांचे ढीग लागले आणि स्पर्धा वर्षभर पुढे गेली. अखेर लारांजेरासच्या मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे बरोबरीत राहिले, म्हणून निकालासाठी पुन्हा सामना ठेवला. नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. अर्धा तास वाढवला, तरी नाही. मग आणखी अर्धा तास. बदली खेळाडू आणायची सोय तेव्हा नव्हती, तेच बावीस जण पाय ओढत खेळत होते. १२२ व्या मिनिटाला ब्राझीलच्या एइतोरचा फटका उरुग्वेचा गोलरक्षक सापोरीती यानं अडवला, चेंडू परत आला आणि फ्रीडेनराइशनं तो हवेतच मारून जाळ्यात घातला. उरलेला वेळ खेळून सामना संपला तेव्हा दीडशे मिनिटं झाली होती. ब्राझीलचं ते पहिलं मोठं विजेतेपद. उरुग्वेच्या लोकांनीच त्याला 'एल तिग्रे', वाघ, हे नाव दिलं. त्याचे बूट रिओतल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानात, दागिन्यांच्या काचेमागे मांडून ठेवले होते.

त्याच स्पर्धेतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. उरुग्वेचा दुसरा गोलरक्षक रॉबेर्तो चेरी चिलीविरुद्ध चेंडू अडवताना जखमी झाला. हर्नियाचं दुखणं होतं. बदली खेळाडू नाही म्हणून तो तसाच उभा राहिला. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी तो रिओतच वारला. त्याच्या कुटुंबासाठी १ जूनला ब्राझील आणि अर्जेंटिना एकमेकांशी खेळले. अर्जेंटिनानं अंगात उरुग्वेचा आकाशी रंग घातला होता आणि ब्राझीलनं चेरीच्या पेन्यारोल क्लबचा पोशाख. सामना ३-३ बरोबरीत सुटला. तो सामना कुणाच्या खात्यावर कसा धरायचा, यावर आकडेवाल्यांची मतं जुळत नाहीत. मला वाटतं, त्या सहा गोलांना खात्याबाहेरच राहू द्यावं.

आणि ज्यानं १९१९ ला देशाला वेड लावलं, तो दोनच वर्षांनी १९२१ च्या ब्युनोस आयर्सच्या स्पर्धेत नव्हता. काळे आणि मिश्रवर्णी खेळाडू परदेशी पाठवू नयेत, असा वरून, थेट राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांच्याकडून इशारा होता, असं ब्राझीलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं आहे. १९३० ला पहिला विश्वचषक झाला तेव्हा रिओ आणि साओ पाउलो यांच्या फुटबॉल संघटनांत भांडण लागलं होतं. साओ पाउलोच्या खेळाडूंतला एकटा आराकेन माँटेव्हिडिओला गेला. फ्रीडेनराइश तोवर अडतिशीला टेकला होता, तरी गोल करतच होता. विश्वचषकाच्या यादीत त्याच्या नावापुढे काहीच नाही. १९६९ च्या सप्टेंबरात तो गेला. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, पेलेनं रिओतल्या माराकाना मैदानावर हजारावा गोल केला आणि जगानं तो क्षण साजरा केला. तो गोल पाहायला वाघ हवा होता, असं मला दरवेळी वाटतं.

आता थोडं मागे, १९१६ ला जाऊ. अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून ब्युनोस आयर्सला चार देश जमले: यजमान, उरुग्वे, चिली आणि ब्राझील. ही खंडातली पहिली अजिंक्यपद स्पर्धा. २ जुलैला उरुग्वेनं चिलीचा ४-० असा धुव्वा उडवला. होसे पिएन्दिबेनेनं दोन मारले, त्यातला एक या स्पर्धेच्या इतिहासातला पहिला गोल. बाकीचे दोन अठरा वर्षांच्या इसाबेलिनो ग्रादिनचे. ग्रादिन गुलामांचा वंशज. सामना संपल्यावर चिलीच्या पथकानं तक्रार केली: उरुग्वेनं दोन आफ्रिकन खेळाडू उतरवले, सामना रद्द करा! दुसरा म्हणजे हुआन देल्गादो. दोघंही उरुग्वेचे, जन्मानं आणि जगण्यानं. तक्रार फेटाळली गेली आणि चिलीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. ग्रादिननं पुढच्या सामन्यात ब्राझीलविरुद्ध आणखी एक गोल करून एकूण तीन केले. पहिल्या स्पर्धेतले सर्वाधिक गोल त्याचेच.

तीन हा आकडा किती लहान! आजचा खेळाडू एका संध्याकाळी तेवढे करतो. पण त्या तीन गोलांमागे काय होतं ते पाहा. उरुग्वे हा त्या काळात काळ्या खेळाडूला देशाचा पोशाख देणारा खंडातला एकमेव संघ होता आणि ग्रादिननं तो निर्णय पायांनी खरा करून दाखवला. हा माणूस धावायचाही असा की १९१९ ला माँटेव्हिडिओत दक्षिण अमेरिकेच्या पहिल्याच मैदानी स्पर्धांत २०० आणि ४०० मीटर दोन्ही त्यानं जिंकल्या. पेरूच्या एका कवीनं त्याच्यावर दीर्घ कविता लिहिली. १९४४ ला तो गरिबीत गेला.

या काळातले आकडे कसे जमत गेले, हेही समजून घेण्याजोगं आहे. ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओ यांच्यामध्ये ला प्लाता नदीचं प्रचंड मुख. संध्याकाळी बोटीत बसलं की सकाळी पलीकडे. या दोन किनाऱ्यांमध्ये १९०२ पासून सामने सुरू झाले. पहिल्या सामन्यात अर्जेंटिनानं माँटेव्हिडिओत जाऊन ६-० असा विजय मिळवला. मग चहाचे व्यापारी सर टॉमस लिप्टन यांनी १९०५ ला एक चषक दिला. होय, तेच लिप्टन, ज्यांच्या चहाचे डबे आपल्याकडेही घराघरांत होते. त्यांची अट एकच: दोन्ही संघांत त्या त्या देशात जन्मलेलेच खेळाडू हवेत. दुसऱ्या वर्षी न्यूटन चषक आला. मग वर्षातून दोन-दोन, तीन-तीन वेळा बोटी भरून संघ जायचे. युरोपातल्या एखाद्या देशाला वर्षात मोजके सामने मिळत, तेव्हा हे दोन शेजारी एकमेकांशी इतके खेळत होते की जगात सर्वाधिक खेळल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय लढतींत ही जोडी आजही वरच्या ओळीत आहे. उरुग्वेचा आंखेल रोमानो या रतिबातूनच घडला. १९११ ते १९२७ तो खेळला, देशासाठी २८ गोल केले आणि दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद सहा वेळा जिंकलं. सहा! एवढी विजेतेपदं असूनही त्याचं नाव त्याच्या देशाबाहेर फार थोड्यांना माहीत असेल.

रोमानोच्या पुढे गेला तो एक्तोर स्कारोने. माझा सर्वांत लाडका.

स्कारोने नासिओनाल क्लबचा. थोरला भाऊ कार्लोसही मोठा खेळाडू. १९१७ ला वयाच्या अठराव्या वर्षी एक्तोर देशाकडून खेळला आणि घरच्या स्पर्धेत अर्जेंटिनाविरुद्धच्या निर्णायक सामन्यातला एकमेव गोल त्याच्या पायातून आला. लोक त्याला 'एल मागो' म्हणू लागले, जादूगार. चार दक्षिण अमेरिकी विजेतेपदं, १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि १९३० चा विश्वचषक. पन्नासएक सामन्यांत ३१ गोल. त्यांतले पाच १९२६ ला सान्तियागोत एकट्या बोलिव्हियाविरुद्धच्या सामन्यात झाले हे खरं, पण बाकीचे बहुतेक रक्त आटवून मिळवलेले होते. १९२६ ला बार्सिलोनाकडे तो काही महिने खेळला. तिथे कराराची व्यावसायिक रक्कम समोर असताना त्यानं ती नाकारली, कारण पैसे घेतले असते तर १९२८ च्या ऑलिंपिकला हौशी खेळाडू म्हणून उतरता आलं नसतं.

आम्सटर्डमच्या त्या ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाचा दोमिंगो तारास्कोनी पेटला होता. बोका ज्युनिअर्सचा हा पठ्ठ्या अमेरिकेविरुद्ध चार, बेल्जियमविरुद्ध चार आणि इजिप्तविरुद्ध तीन असे अकरा गोल तीन सामन्यांत करून बसला. अकरा! ऑलिंपिकच्या तक्त्यात तो सगळ्यांच्या कितीतरी वर. अंतिम फेरीत पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले, उरुग्वे आणि अर्जेंटिना. नदीच्या मुखावरचं भांडण आता समुद्र ओलांडून हॉलंडमध्ये. पहिला सामना १-१. तीन दिवसांनी, १३ जूनला, पुन्हा. तारास्कोनीला दोन्ही सामन्यांत एकही गोल करता आला नाही. दुसऱ्या सामन्यात १-१ असताना सत्तरावं मिनिट ओलांडल्यावर उरुग्वेच्या रेने बोर्हासनं डोक्यानं चेंडू सरकवला आणि ओरडला, "तुया, एक्तोर!" घे, एक्तोर, तुझा आहे! स्कारोनेनं तो पडू न देता लांबून मारला आणि सुवर्णपदक माँटेव्हिडिओला गेलं. तारास्कोनीचे अकरा आणि स्कारोनेचा हा एक. उरुग्वेत त्या हाकेची म्हण झाली. मला विचाराल तर मी तो एकच घेईन, आणि तरीही तारास्कोनीबद्दल मला हळहळ वाटते. अकरा गोल करून रौप्यपदक घेऊन परतीच्या बोटीवर चढणं सोपं नसणार.

स्कारोने १९३० नंतर देशासाठी खेळला नाही. त्याचे ३१ मात्र तसेच उभे राहिले. १९५० च्या विश्वचषकात माराकानावर ब्राझीलला रडवणारे उरुग्वेचे वीर आले आणि गेले, पण कुणालाही ते ओलांडता आले नाहीत. तब्बल ८१ वर्षं. मग जुलै २०११ ला ब्युनोस आयर्समध्ये कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात पॅराग्वेविरुद्ध दोन गोल करून दिएगो फोर्लाननं बरोबरी साधली आणि ऑक्टोबरात असुन्सिओनला पुन्हा पॅराग्वेविरुद्धच बत्तिसावा केला. फोर्लानचं घराणंही बघण्यासारखं आहे. त्याचे आजोबा हुआन कार्लोस कोराझो १९५९ आणि १९६७ ला उरुग्वेला खंडाचं विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक, वडील पाब्लो १९६७ च्या त्याच संघातले खेळाडू आणि नातू २०११ चा विजेता. एका घरातल्या तीन पिढ्या.

हाच फोर्लान २०१६ ला मुंबई सिटीकडून खेळायला अंधेरीत आला. वय सदतीस. मुंबईचा पोशाखही आकाशी, त्यामुळे लांबून पाहिलं तर तो उरुग्वेचाच वाटायचा. १९ नोव्हेंबरला केरळा ब्लास्टर्सविरुद्ध मी गॅलरीत होतो. मुंबईनं पाच गोल केले, तीन फोर्लानचे. मला मात्र गोलांपेक्षा त्याचं चालणं आठवतं. बाकीचे धावत असताना हा चालायचा, मान सारखी डावी-उजवीकडे वळवत, मागे कोण, बाजूला कोण, बचावपटू कुठल्या पायावर उभा आहे, हे टिपत. चेंडू यायच्या आधीच त्याचं ठरलेलं असायचं. डाव्या पायानं मारील की उजव्या, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळायचं नाही, कारण त्याला दोन्ही सारखेच. आजूबाजूची पोरं "फोर्लान, फोर्लान" करून घसा फोडत होती आणि मी शेजारच्या एका काकांना स्कारोनेची गोष्ट सांगत होतो. त्यांनी ती मन लावून ऐकली. "म्हणजे याच्या आधी एवढी वर्षं कुणीच नाही?" त्यांनी विचारलं. कुणीच नाही, मी म्हणालो. स्कारोनेचा विक्रम जिथे येऊन संपला होता, ते पाय अंधेरीच्या गवतावर फिरताना बघायला मिळाले, हे मी माझं भाग्य समजतो. फोर्लानचे ३६ पुढे लुईस सुआरेसनं मागे टाकले आणि तो तर थेट ६९ वर जाऊन थांबला. पण ते ऐंशी वर्षांचं कुलूप उघडलं ते फोर्लाननं.

सगळ्यांत विलक्षण हिशेब मात्र गिलेर्मो स्ताबिलेचा. अर्जेंटिनासाठी चार सामने, आठ गोल. पुढे काही नाही, मागेही काही नाही. १९३० च्या विश्वचषकात पहिल्या सामन्यात तो संघाबाहेर होता. मग कर्णधार मानुएल फेरेरा कायद्याच्या परीक्षेसाठी ब्युनोस आयर्सला गेला आणि मेक्सिकोविरुद्ध स्ताबिलेला जागा मिळाली. पदार्पणातच तीन गोल. परीक्षेहून फेरेरा परत आला तरी स्ताबिलेला कोण बसवणार? चिलीविरुद्ध दोन, अमेरिकेविरुद्ध दोन, आणि अंतिम सामन्यात उरुग्वेविरुद्ध एक. त्या गोलानं अर्जेंटिना मध्यंतराला २-१ पुढे होता. पहिला अर्धा अर्जेंटिनाच्या चेंडूनं खेळले, दुसरा उरुग्वेच्या, कारण कुणाचा चेंडू वापरायचा यावरही एकमत होईना. निकाल ४-२, उरुग्वेकडे.

विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिकही स्ताबिलेचीच, असं कित्येक वर्षं पुस्तकांत होतं. अमेरिकेच्या बर्ट पेटनॉडनं त्याच्या दोन दिवस आधी पॅराग्वेविरुद्ध तीन मारले होते, पण त्यातला एक गोल दुसऱ्याच्याच नावावर लिहिला गेला होता. फिफानं ती दुरुस्ती केली २००६ ला. तोवर पेटनॉडला जाऊन तीन दशकं उलटली होती. पुन्हा तेच, वही कुणाच्या हाती होती त्यावर.

स्पर्धा संपल्यावर स्ताबिले जेनोआला निघून गेला. तेव्हा परदेशी खेळणाऱ्याला देशाच्या संघात बोलावत नसत. म्हणून ते चार सामनेच राहिले. पण अर्जेंटिनाशी त्याचं नातं तुटलं नाही. १९३९ ला तो देशाचा प्रशिक्षक झाला आणि त्याच्या हाताखाली अर्जेंटिनानं सहा वेळा दक्षिण अमेरिका जिंकली.

चिलीच्या दाविद आरेयानोचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९२५ ला कोलो-कोलो क्लब काढणाऱ्यांत तो पुढे होता, १९२६ च्या सान्तियागोच्या स्पर्धेत सात गोल करून सगळ्यांत वर राहिला, आणि १९२७ च्या मे महिन्यात क्लबच्या दौऱ्यात स्पेनमधल्या वायादोलिदला एका टकरीत पोटाला मार बसून दुसऱ्या दिवशी गेला. वय चोवीस. कोलो-कोलोच्या बोधचिन्हावर तेव्हापासून आजतागायत काळी पट्टी आहे.

युद्धाची वर्षं आली आणि विश्वचषक थांबला. १९४२ नाही, १९४६ नाही. अर्जेंटिना तर १९३८ लाही गेला नव्हता. याच वर्षांत त्या देशाकडे एकाहून एक आघाडीवीर होते. एर्मिनिओ मासान्तोनिओ, ब्युनोस आयर्सच्या हुराकान क्लबचा, १९ सामन्यांत २१ गोल. सामन्यामागे एकाहून जास्त! यातले चार १९४२ ला इक्वेडोरला १२-० असं लोळवताना झाले, त्याच सामन्यात होसे मानुएल मोरेनोनं पाच केले. इक्वेडोरचा संघ तेव्हा दुबळा होता, हे म्हणणं बरोबर आहे. पण उरुग्वे आणि ब्राझीलच्या बचावफळ्यांनाही मासान्तोनिओचा धाक होता. विश्वचषकाच्या इतिहासात या माणसाचं नाव शोधू जाल तर सापडणार नाही, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नाही.

त्याच हुराकानमधून आला नॉर्बेर्तो मेंदेस, सगळ्यांचा 'तुचो'. दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेत त्याचे गोल १९४५ ला सहा, १९४६ ला पाच, १९४७ ला सहा. तीन वर्षांत तीन विजेतेपदं, बाकावर प्रशिक्षक स्ताबिले, आणि बेरीज १७. १९४५ ला ब्राझीलला ३-१ हरवलं तेव्हा तिन्ही गोल तुचोचे. पुढच्या वर्षी ब्युनोस आयर्सच्या निर्णायक सामन्यात कर्णधार सालोमोनचा पाय मोडला, मैदानावर राडा झाला, खेळ तासाहून जास्त थांबला, आणि तरी अर्जेंटिनानं २-० जिंकला. दोन्ही गोल पुन्हा तुचोचे. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. त्याच्या पायात आणखी किती गोल होते कुणास ठाऊक. पण १९४८ ला अर्जेंटिनातल्या खेळाडूंनी हक्कांसाठी संप केला, कित्येक नामांकित खेळाडू कोलंबियाला निघून गेले आणि ब्राझीलशी बिनसलेल्या अर्जेंटिनाच्या संघटनेनं १९४९ ची खंडीय स्पर्धाही खेळली नाही आणि १९५० चा विश्वचषकही नाही. तुचो सतरावरच थांबला.

त्याच्या बरोबरीला ब्राझीलचा झिझिन्यो. पोरगा असताना पेले ज्याला देव मानायचा, तो हा. झिझिन्योचे सतरा वेगळ्या चालीनं आले: १९४२, ४५, ४६, ४९, ५३, ५७, सहा स्पर्धांमधून थोडे थोडे. १९५० ला माराकानावर हरलेल्या संघात तो होता आणि त्या पराभवाची सावली त्याच्यावर जन्मभर राहिली. एकाचे सतरा तीन वर्षांत, दुसऱ्याचे पंधरा वर्षांत. ४५ आणि ४६ ला हे दोघं एकाच स्पर्धेत विरुद्ध बाजूंनी खेळत होते.

लिओनेल मेस्सी याच स्पर्धेच्या, म्हणजे कोपा अमेरिकाच्या, सात आवृत्त्या खेळला, २००७ पासून २०२४ पर्यंत, आणि कुणाहीपेक्षा जास्त सामने. त्याचे गोल १४. २०२१ ची अंतिम लढत आपल्याकडे पहाटे साडेपाचला होती. मेस्सी गुडघ्यांवर बसून रडला तेव्हा मलाही आवरलं नाही. त्याच्यासाठी मी काहीही मागेन. पण तुचो आणि झिझिन्यो यांचे विक्रमी सतरा मोडावेत असं मला मनापासून वाटत नाही. स्पर्धा आता चार वर्षांनी येते, दुबळे संघ दुबळे राहिलेले नाहीत, त्यामुळे ते मोडणं अवघडच आहे. आणि जोवर ते उभे आहेत तोवर दर स्पर्धेला कुणीतरी समालोचक तो तक्ता पडद्यावर दाखवतो, वरची दोन नावं वाचतो, आणि कुठल्या तरी घरात कुणीतरी विचारतं, हा मेंदेस कोण?